पडताळणी चालू असूनही मुलीच्या हातून फोनवर खरेदी झालीच कशी?

कोरांटी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी दुपारी माझी सात वर्षांची मुलगी माझ्या फोनवर एक फुकटातला खेळ खेळत होती आणि मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. संध्याकाळी ईमेल उघडली, तेव्हा एकाखाली एक अशा अकरा पावत्या दिसल्या. पहिली ३ वाजून ४२ मिनिटांची होती, शेवटची ३ वाजून ५१ मिनिटांची. म्हणजे नऊ मिनिटांत अकरा खरेद्या. रक्कम इथे लिहीत नाही, पण ती वाचून मी खुर्चीत बसले, एवढे सांगते.

मुलीला विचारले, तर ती अगदी शांतपणे म्हणाली, "मी विकत काहीच नाही घेतलं. मी फक्त हिरे घेतले." ती खोटे बोलत नव्हती. तिच्या लेखी विकत घेणे म्हणजे पाकिटातून पैसे काढून कोणाच्या तरी हातात देणे, आणि तसे तर काहीच घडले नव्हते.

माझा फोन अँड्रॉइडचा आहे. प्ले स्टोअरमध्ये 'प्रत्येक खरेदीच्या वेळी पडताळणी' हा पर्याय मी स्वतः निवडलेला आहे आणि तो आजही तसाच आहे. पासवर्ड तिला ठाऊक नाही, तो कुठे लिहूनही ठेवलेला नाही. मग हे झाले कसे? आणि पुन्हा होऊ नये म्हणून नेमके काय करावे? 'मुलीला समजावून सांगा' हे मी करतेच आहे. मला तिच्या समजुतीवर अवलंबून नसलेला उपाय हवा आहे.

अर्धविराम

पहिली शंका मुदतीची येते. प्ले स्टोअरमध्ये 'दर ३० मिनिटांनी' असाही एक पर्याय असतो. तो निवडलेला असेल, तर एकदा पडताळणी झाल्यावर पुढचा अर्धा तास कोणीही काहीही घेऊ शकते आणि फोन हूं की चूं करत नाही. आपण काहीतरी विकत घेतो आणि लगेच फोन मुलाच्या हातात देतो, तो हाच अर्धा तास.

हा प्रकार जुना आहे. ॲपलच्या फोनवर पूर्वी एकदा पासवर्ड दिला की १५ मिनिटे दार उघडे राहत असे आणि हे पालकांना धड सांगितलेले नसे. त्यावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी आयोगाने, कारवाई केली आणि जानेवारी २०१४ मध्ये ॲपलने ग्राहकांना किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करण्याचे मान्य केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गूगलने किमान १ कोटी ९० लाख डॉलर परत करण्याची तडजोड केली. ॲमेझॉनचे प्रकरण न्यायालयात गेले, २०१६ मध्ये निकाल कंपनीच्या विरोधात लागला आणि २०१७ पासून परतावे सुरू झाले. 'प्रत्येक वेळी विचारा' हा पर्याय आज इतका ठळक दिसतो, त्यामागे या भांडणांचाही हात आहे.

तेव्हा कोरांटीताई, तो पर्याय खरोखर 'प्रत्येक वेळी' असाच आहे ना, हे पुन्हा एकदा पाहा. शिवाय ही निवड त्या त्या उपकरणापुरतीच असते. फोनवर केली म्हणून घरातल्या टॅबवर ती आपोआप लागू होत नाही.

कोरांटी

पाहिले. 'प्रत्येक वेळी' असेच आहे. तुमचा प्रतिसाद वाचून शंका आली म्हणून मी स्वतः त्या खेळात जाऊन खरेदीचे बटण दाबून पाहिले, तर पडताळणी मागितली गेली. मी मागे फिरले. म्हणजे कुलूप शाबूत आहे आणि चोरी तर झालीच आहे.

वाटसरू

सात वर्षांच्या मुलीच्या हातात फोन द्यायचाच कशाला? मूळ प्रश्न तोच आहे. बाकीचे उपाय म्हणजे घराला दार न लावता दहा कुलपे विकत आणण्यासारखे आहे.

संध्यारंग

वाटसरू, तुमचा मुद्दा तत्त्वतः पटतो, पण तो या प्रश्नाचे उत्तर नाही. धागाकर्तीने फोन द्यावा की नाही हे विचारलेले नाही. शाळेच्या सूचना फोनवर येतात, दूरच्या आजीशी बोलणे फोनवर होते, डॉक्टरांकडे तासभर थांबावे लागते. ज्या घरात मूल आहे आणि फोन आहे, तिथे दोघांची गाठ पडणारच.

आणि फोन हातात असण्यापेक्षा तुमचे खाते आणि तुमचे कार्ड त्याच्या हातात असणे हा खरा घोटाळा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. अँड्रॉइडच्या अनेक फोनांवर पाहुण्यासाठी किंवा दुसऱ्या वापरकर्त्यासाठी वेगळे दालन उघडता येते, आणि त्या दालनात तुमचे खातेच नसते. मुलाचे स्वतःचे खाते काढून ते फॅमिली लिंकला, म्हणजे पालकांना मुलाच्या खात्यावर लक्ष ठेवू देणाऱ्या गूगलच्या सोयीला, जोडले, तर खरेदीची विनंती आधी पालकांकडे येते. मात्र ही परवानगीची सोय गूगल प्लेच्या बिलातून होणाऱ्या खरेदीलाच लागू पडते. एखाद्या ॲपने पैसे घेण्याची आपली स्वतंत्र वाट ठेवली असेल, तर तिथे तिचा उपयोग नाही.

वाटसरू

दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मान्य. 'दार न लावता' हा शब्दप्रयोग मागे घेतो. बाकीचा आग्रह कायम आहे.

सोंगटी

मी गेली काही वर्षे मोबाइलवरचे खेळ तयार करण्याच्या व्यवसायात आहे, त्यामुळे थोडे पलीकडच्या बाजूने लिहितो. 'मी फक्त हिरे घेतले' हे वाक्य वाचून मला हसू आले आणि लाजही वाटली, कारण मुलीच्या तोंडून हेच वाक्य यावे अशीच त्या दुकानाची मांडणी केलेली असते.

हिरे, नाणी, तारे यांचा पहिला उपयोग म्हणजे खऱ्या पैशाची आठवण पुसणे. एकदा पैशाचे हिरे झाले की पुढचा सगळा खर्च हिऱ्यांत होतो आणि हिरे खर्चताना मोठ्या माणसालाही काही वाटत नाही. दुसरे म्हणजे हिऱ्यांचे गठ्ठे आणि वस्तूंच्या किमती सहसा एकमेकांशी जुळत नाहीत. वस्तू १२० हिऱ्यांची असेल, तर गठ्ठा १०० चा असतो. मग दोन गठ्ठे घ्यावे लागतात, ८० हिरे उरतात, आणि ते उरलेले हिरे पुढच्या खरेदीचे निमित्त होतात. तिसरी गोष्ट बटणांची. 'पुढे चला' हे बटण जिथे असते, नेमक्या त्याच जागी पाचव्या-सहाव्या वेळी 'आत्ता घ्या' हे बटण येते आणि तोपर्यंत अंगठ्याला तिथे दाबायची सवय लागलेली असते. बंद करण्याची फुली मात्र कोपऱ्यात, करड्यावर करडी.

ही नुसती माझी तक्रार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टनाइट या खेळाच्या एपिक गेम्स या कंपनीने अशाच आरोपांवरून २४ कोटी ५० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. आरोप असा होता की बटणांची रचना इतकी गोंधळाची होती की झोपेत (स्लीप मोडमध्ये) गेलेला खेळ जागा करताना, तो उघडण्याची वाट पाहताना किंवा एखादी वस्तू नुसती बघायला जाताना शेजारचे बटण दाबले गेले, तरी पैसे कापले जात. २०१८ पर्यंत तर साठवलेल्या कार्डावर मुले पालकांच्या संमतीशिवाय खरेदी करू शकत होती, असेही त्याच फेडरल ट्रेड कमिशनचे म्हणणे होते.

तेव्हा ताई, मुलीला रागावला असाल तर थोडे कमी रागवा.

कोरांटी

रागावले होते. रात्री तिने स्वतःहून डबीतली सगळी नाणी माझ्या उशीशी आणून ठेवली. ती मी परत केली, पण फार वाईट वाटले.

पायरी

मी ती नाणी परत केली नसती. माझ्या मुलाने असाच उद्योग केला, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आम्ही त्याच्या खाऊच्या पैशातून थोडी थोडी कपात करून ते फेडून घेतले. शिक्षा म्हणून नव्हे, तर हिरे आणि पैसे एकच आहेत हे त्याला बोटांवर मोजून कळावे म्हणून. सहा महिने लागले. आज तो कुठलेही बटण दाबण्याआधी खालचा बारीक मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो, त्याने जीव नकोसा होतो.

संध्यारंग

नऊ वर्षे आणि सात वर्षे यांत मोठे अंतर आहे, पायरी. नऊ वर्षांच्या मुलाला हिशेब कळतो. सात वर्षांच्या मुलाला सहा महिने कपात केली, तर दुसऱ्या महिन्यात ती कशासाठी चालली आहे हेच तो विसरेल. वर सोंगटी यांनी सांगितलेली सगळी रचना मोठ्यांनाही फसवते, मग तिची भरपाई मुलाने का करावी?

गोगलगाय

मोठ्यांनाही फसवते, याचा जिवंत पुरावा या नात्याने मी उपस्थित आहे. आमच्या घरी मुलाच्या हातून कधीच काही झाले नाही. मी एका चित्र काढण्याच्या ॲपची जाहिरात बंद करायला गेलो आणि 'सात दिवस मोफत'वर बोट पडले. मी घाबरून ॲपच काढून टाकले आणि सुटलो असे समजलो. आठव्या दिवशी वर्षभराची वर्गणी कापली गेली. ॲप काढले म्हणजे वर्गणी रद्द होत नाही, ती स्टोअरच्या वर्गणीच्या यादीत जाऊन वेगळी रद्द करावी लागते, हे ज्ञान मला माझ्या दहा वर्षांच्या चिरंजिवांनी दिले. तेव्हापासून माझ्या फोनचा पासवर्ड त्याच्याकडे असतो.

अर्धविराम

गोगलगाय यांच्या घरची व्यवस्था सर्वांत सुरक्षित दिसते. पण वर्गणीचा मुद्दा गंभीर आहे. कोरांटीताई, अकरा पावत्यांत एखादी वर्गणीची तर नाही ना, ते पाहून घ्या. बाकीच्या एकदाच कापल्या जातात, ती दर महिन्याला परत येते.

चष्मेवाली

आयफोन वापरणाऱ्यांसाठी माझा अनुभव लिहिते. 'स्क्रीन टाइम'मध्ये मजकूर आणि खाजगीपणाच्या निर्बंधांखाली स्टोअरच्या खरेदीचा एक भाग आहे. तिथे ॲपच्या आतल्या खरेदीलाच मनाई करता येते. पासवर्ड विचारणे वेगळे आणि वाटच बंद असणे वेगळे. मनाई केली की 'खरेदी करता येत नाही' एवढेच उत्तर मिळते. फक्त स्क्रीन टाइमचा अंक फोन उघडण्याच्या अंकापेक्षा वेगळा ठेवा. आमच्याकडे दोन्ही एकच होते आणि मुलीने पहिल्याच प्रयत्नात तो टाकला होता.

मुलाचे खाते कुटुंबाच्या गटात असेल, तर 'आस्क टू बाय' चालू ठेवता येते आणि मग विनंती पालकाच्या फोनवर येते. ही सोय मुलाच्या खात्यासाठी आहे. मूल तुमच्याच फोनवर तुमच्याच खात्यात खेळत असेल, तर ती कामाची नाही, आणि बहुतेक घरांत तेच चाललेले असते. अशा वेळी मला 'गाइडेड ॲक्सेस' बरे वाटते. फोन एकाच ॲपमध्ये अडकतो आणि पडद्याच्या एखाद्या भागावर बोटाने गोल काढून तेवढा भाग निकामीही करता येतो. मी खेळातल्या दुकानाच्या बटणावरच गोल काढून ठेवते. मुलगी म्हणते, "आई, दुकान आज पण बंद आहे."

अँड्रॉइडवर ॲप पिन करण्याची सोय आहे. तिने मूल दुसऱ्या ॲपमध्ये जात नाही, पण त्याच खेळातल्या खरेदीला ती अडवत नाही, हे लक्षात असू द्या.

जुनीवही

परताव्याचे पाहिलेत का? त्यात दिवस मोजले जातात. गूगल प्लेवर ४८ तासांच्या आत विनंती केली, तर काम त्यातल्या त्यात सोपे असते. त्यानंतर बहुधा खेळ बनवणाऱ्याकडे जायला सांगतात. ॲपलकडे 'रिपोर्ट अ प्रॉब्लेम' नावाचे पान आहे, तिथे मुलाने न विचारता खरेदी केली हे कारणही निवडता येते. प्रत्येक पावतीचा क्रमांक वेगळा द्यावा लागतो, कंटाळा करू नका. आणि घेतलेले हिरे मुलीला खर्चू देऊ नका.

एक चूक मी केली होती, ती तुम्ही करू नका. मी रागाच्या भरात थेट बँकेत जाऊन व्यवहारांवर हरकत घेतली. पैसे मिळाले, पण स्टोअरने माझे खातेच अडकवून ठेवले आणि आधी विकत घेतलेल्या पुस्तकांपर्यंत पोहोचायला मला तीन आठवडे लागले. आधी स्टोअर, तिथे दाद लागली नाही तर मग बँक.

कोरांटी

रविवारी सकाळीच अकराही विनंत्या केल्या आहेत, उत्तराची वाट पाहते आहे. वर्गणी एकही नाही. पण अर्जाच्या पानावर लिहिले आहे की खात्याला पडताळणीचे संरक्षण नसेल, तर सहसा परतावा मिळत नाही. माझ्याकडे संरक्षण आहे आणि तरी खरेदी झाली, हे त्यांना कसे पटवून देऊ? ते मलाच पटलेले नाही.

सोंगटी

पडताळणी मागितली गेली असेल आणि ती पूर्णही झाली असेल, तरच पावती निघते. तुम्ही स्वतः करून पाहिलेत तेव्हा फोनने नेमके काय मागितले? पासवर्ड की बोट?

कोरांटी

बोट. पण माझे बोट तर माझ्याबरोबर दुसऱ्या खोलीत होते!

सोंगटी

फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षा या भागात बोटांचे ठसे किती नोंदवले आहेत ते पाहता का? प्ले स्टोअर तुमचे बोट ओळखत नाही. फोनमध्ये नोंदवलेले कोणतेही बोट त्याला चालते.

कोरांटी

पाहिले. चार ठसे आहेत: उजवा अंगठा, डावा अंगठा, उजवी तर्जनी आणि नुसते 'बोट ४'.

'बोट ४' कोणाचे, हे आठवायला मला पाच मिनिटे लागली. गेल्या वर्षी माझ्या उजव्या हाताला प्लास्टर होते. फोन वाजला की मुलगी तो माझ्यासमोर धरायची, मी डाव्या हाताने धडपडायचे आणि फोन वाजून बंद व्हायचा. शेवटी एके दिवशी मीच तिला मांडीवर बसवले, तिचे इवलेसे बोट पकडून फोनवर पंधरा-वीस वेळा टेकवले आणि ठसा नोंदवला. तिला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता! प्लास्टर निघाले, ठसा राहिला.

आत्ता तिला विचारले, "हिरे घेताना फोनने काय सांगितलं होतं?" ती म्हणाली, "बोट ठेव म्हणाला, मी ठेवलं." अकरा वेळा ठेवले.

गोगलगाय

गुन्हेगार घरातलाच निघाला, आणि साथीदार धागाकर्तीच!

वाटसरू

मी वर फटकळपणे लिहिले, त्याबद्दल क्षमस्व. मी आत्ताच माझा फोन तपासला. माझ्या आणि बायकोच्या बोटांशिवाय आणखी एक ठसा सापडला आहे. मला मूल नाही. चौकशी चालू आहे.

अर्धविराम

आता उपाय सोपा झाला. 'बोट ४' काढून टाका. शिवाय प्ले स्टोअरमध्ये बोटाने पडताळणी करण्याचे बटण वेगळे असते. ते बंद केले की दर वेळी खात्याचा पासवर्डच टाकावा लागतो. त्रास होतो, पण आपण तिथे दिवसातून दहा वेळा खरेदी करत नाही. प्ले स्टोअरमध्ये महिन्याचे अंदाजपत्रकही ठरवता येते. त्यावर मात्र विसंबू नका, ते खर्च वाढल्याची सूचना देते, खरेदी थांबवत नाही.

जुनीवही

आणि शक्य असेल, तर त्या खात्यावरून कार्डच काढा. मी ठरावीक रकमेचे भेटकार्ड भरून ठेवते. ते संपले की संपले. मोबाइलच्या बिलातून पैसे कापले जाण्याची सोय चालू असेल, तर ती सेवा देणाऱ्या कंपनीला सांगून बंद करून घ्या, नाहीतर कार्ड काढूनही ती खिडकी उघडी राहते. न्याहाळकात (ब्राउझरमध्ये) साठवलेले कार्डही तपासा. एकदाच वापरायचा सांकेतिक अंक (ओटीपी) त्याच फोनवर येतो आणि पुष्कळदा आपोआप भरलाही जातो, त्यामुळे फोन मुलाच्या हातात असताना त्या अंकाचा पहारा नावापुरताच असतो.

पायरी

ठसा आईनेच नोंदवला होता हे वाचल्यावर मी नाण्यांबद्दलचे माझे म्हणणे मागे घेते.

कोरांटी

सर्वांचे मनापासून आभार. आज स्टोअरचे उत्तर आले. अकरापैकी आठ खरेद्यांचा परतावा मंजूर झाला, तीन नामंजूर झाल्या. त्या तिनांचे हिरे तिने त्याच दुपारी एका पंखवाल्या घोड्यावर खर्चून टाकले होते. कार्ड काढले आहे, बोटाने पडताळणी बंद केली आहे आणि 'बोट ४' पुसले आहे. पुसताना ती शेजारीच होती. तिने विचारले, "मग आता माझं बोट कशाला चालेल?" मला चटकन काही सुचले नाही, म्हणून मी तिला टॉर्च लावायला शिकवले. त्याला ठसा लागत नाही.

अर्धविराम

छान झाले. टॅबवरही हे सगळे केलेत ना? पहिल्या प्रतिसादात लिहिले होते, ही निवड उपकरणापुरतीच असते.

कोरांटी

टॅब राहिलाच. तो आत्ता तिच्याच हातात आहे. उठते.